निवाऱ्यातलं एकत्र राहणं: आधी लॉकर, मग गाणं

बेघरांच्या निवाऱ्यात संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम ठरतो. पाटी लागते, खुर्च्या मांडल्या जातात आणि चाळीस रहिवाशांपैकी चौघे येतात. मग कर्मचाऱ्यांच्या खोलीत ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "यांना कशातच रस नाही." हे निदान बहुतेक वेळा चुकीचं असतं. रिकाम्या खुर्च्यांकडे बघण्यापेक्षा झोपायच्या खोलीत डोकावून बघा. तिथे जो तो आपल्या पिशवीला धरून बसलेला दिसेल. आलेल्या चौघांतलाही एक जण दाराजवळची खुर्ची पकडतो, पिशवीचा पट्टा घोट्याभोवती दोनदा गुंडाळतो आणि निम्मा वेळ मान वळवून आपल्या खाटेकडे बघत राहतो. त्या पिशवीत ओळखपत्र असतं, रोजच्या गोळ्या असतात, एखादा फोटो असतो, कोरडे मोजे असतात. ओळखपत्र गेलं तर नवं मिळेपर्यंत काम, बँक, दवाखाना सगळं अडून बसतं. अशा माणसाने ती पिशवी खाटेवर टाकून शेजारच्या खोलीत गाणी म्हणायला यावं, ही अपेक्षाच चूक आहे.

म्हणून निवाऱ्यात काही सामूहिक घडावं असं वाटत असेल तर पहिला खर्च लॉकरवर करावा, हार्मोनियमवर किंवा टीव्हीवर नाही. लॉकर कसे घ्यायचे यातही बरंच काही आहे. कार्यालयात असतात तसले अरुंद खण उपयोगाचे नाहीत. भरलेली पाठपिशवी उभी राहील एवढी जागा हवी, म्हणजे साधारण 40 सेंटिमीटर रुंद, 50 खोल आणि 90 उंच. लोखंडी घ्या, कारण लाकडाच्या सांध्यांत ढेकूण घर करतात. दाराला वारा खेळण्यासाठी फटी हव्यात, नाहीतर ओले कपडे आत कुबट होतात आणि त्याचा वास अख्ख्या खोलीत पसरतो. तळ जमिनीपासून 15 सेंटिमीटर वर असू द्या, म्हणजे खालून फडका फिरतो. जमलं तर प्रत्येक लॉकरच्या आत एक प्लग द्या. फोन चार्जिंगला लावून निर्धास्त झोपता आलं की रात्रीची निम्मी भांडणं मिटतात. सगळ्यांना मिळून भिंतीवर सहाच प्लग असतात तिथे कुणीतरी दुसऱ्याचा फोन काढतो, कुणीतरी पाळी विकतो, आणि पुढे मारामारी होते.

किल्लीचा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. एक किल्ली रहिवाशाकडे, दुसरी बंद पाकिटात कार्यालयात, पाकिटाच्या तोंडावर रहिवाशाची सही किंवा अंगठा. ते पाकीट उघडायचं तर त्याच्या समोर. तो नसताना उघडणं भागच असेल, तर दोन जणांच्या साक्षीने, नोंदवहीत कारण लिहून. माणूस न सांगता गेला तर सामान किती दिवस ठेवणार, तेही आधीच लिहून लावा. तीस दिवस ठेवता आलं तर उत्तम. अनेक जण दवाखान्यात भरती झालेले असतात, परत येतात आणि सामान फेकून दिलेलं बघतात. त्यानंतर त्या निवाऱ्यावरचा त्यांचा विश्वास कायमचा उडतो, आणि ही बातमी रस्त्यावर फार लवकर पसरते.

नव्या माणसाला पहिले तीन दिवस कुठल्याही उपक्रमाला बोलावू नये. रस्त्यावर सलग झोप मिळत नाही. पोलिसांची, चोराची, पावसाची, कुणी लाथ मारेल याची भीती असते, त्यामुळे पहिले दिवस झोप भरून काढण्यात जातात. ते आळशीपण नाही. या दिवसांत करायच्या गोष्टी साध्या आहेत: अंघोळ, कपडे, पाय. पायांकडे आवर्जून लक्ष द्या. दिवसेंदिवस ओल्या बुटांत राहिलेला पाय पांढरा, सुरकुतलेला आणि बधिर झालेला असतो. तो कोमट पाण्याने धुवावा, बोटांच्या बेचक्यांतून टिपून कोरडा करावा, चोळू नये, शेकोटीजवळ नेऊ नये. बधिर पायाला चटका कळत नाही. जखम दिसली किंवा रंग काळपट पडलेला दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि पाच-सहा दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसासमोर प्रेमापोटी भरलेलं ताट ठेवू नका. उपासमारीनंतर अचानक भरपूर अन्न मिळालं की रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने खाली येतं आणि हृदयावर बेतू शकतं. थोडं थोडं, वरचेवर द्यावं आणि डॉक्टरांना कळवावं. दारू रोज पिणाऱ्याने निवाऱ्यात आल्याबरोबर एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. हात थरथरणं, घाम, भास ही लक्षणं रात्रपाळीच्या काळजीवाहकाला तोंडपाठ हवीत. नियम म्हणून "इथे आलास, आता सोड" असं फर्मावणं धोक्याचं आहे.

या तीन दिवसांत एका जुन्या रहिवाशाने नव्या माणसाची सोबत करावी. काम एवढंच: संडास कुठे, गरम पाणी किती वाजता, कुठल्या खुर्चीवर कोण बसतं, रात्री दार वाजवायचं कसं. ही माहिती कर्मचारी देतात तेव्हा ती नियमावली वाटते. शेजारच्या खाटेवरचा माणूस सांगतो तेव्हा ती ओळख होते. सोबत करणाऱ्याला मात्र विचारून नेमा, लादू नका, आणि एका वेळी एकच नवा माणूस द्या.

आता बैठक. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, पाऊण तासाच्या आत. वेळ निवडताना कामावर जाणाऱ्यांचा विचार करा. सकाळची बैठक म्हणजे जे मजुरीला जातात त्यांना वगळून घेतलेली बैठक. जेवणानंतर ठेवली तर निम्मे झोपायला जातात. जेवणाच्या तासभर आधीची वेळ चांगली जमते, कारण मग बैठक लांबवण्याची इच्छा कुणालाच राहत नाही. दोन दिवस आधी जेवणाच्या खोलीत फळा टांगावा आणि खडू दोरीने बांधून ठेवावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मुद्दे सकाळच्या चहाच्या वेळी काळजीवाहकाने विचारून फळ्यावर लिहावेत, त्यांच्याच शब्दांत. "बाथरूमच्या स्वच्छतेबाबत" असं लिहू नका. "तिसऱ्या बाथरूममध्ये कडी लागत नाही" असंच लिहा.

बैठकीचा पहिला विषय कायम एकच असावा: मागच्या वेळी काय ठरलं आणि त्यातलं काय झालं. एका मोठ्या कागदावर तीन रकाने आखा. काय ठरलं, कोण करणार, झालं की नाही. हा कागद पुढच्या बैठकीपर्यंत भिंतीवरच राहायला हवा. बैठका बंद पडतात त्या लोक भांडतात म्हणून नाही. गळका नळ तीन आठवडे कागदावर तसाच राहतो, चौथ्या आठवड्याला लोक येणं सोडतात. यावर उपाय कारभारातच आहे. छोट्या दुरुस्तीसाठी निवाराप्रमुखाच्या हातात थोडी रक्कम असावी, जी खर्च करायला वरून मंजुरी लागत नाही. कडी, बल्ब, नळाचा वायसर, रिमोटचे सेल हे त्यातून चोवीस तासांत व्हायला हवं. जे होणारच नाही ते का होणार नाही, हे पुढच्या बैठकीत स्पष्ट सांगा. "बघतो" हा शब्द बैठकीत वापरूच नये.

कर्मचाऱ्यांनी शेवटी बोलावं. ते आधी बोलले की बाकीच्यांची मतं त्यांच्या मताच्या मागे जातात. अध्यक्ष दर आठवड्याला बदलावा, आणि नको म्हणणाऱ्याला बळजबरी करू नये. मतदान हात वर करून घेऊ नका. प्रत्येक निवाऱ्यात दोन-तीन दांडगे लोक असतात, आणि त्यांच्याकडे बघून हात वर जातात. दोन अपारदर्शक डबे आडोशाला ठेवून प्रत्येकाला कपड्याचं एक बटण द्यावं, ते त्याने हव्या त्या डब्यात टाकायचं. वाचता येत नसलं तरी अडत नाही, फक्त डब्यांवर चित्र काढा: दिवा चालू, दिवा बंद. मतदानाला काय टाकायचं याचीही मर्यादा पाळली पाहिजे. दिवे किती वाजता बंद करायचे, टीव्हीवर काय बघायचं, जेवणात काय हवं, खोलीतल्या खाटांची मांडणी हे खुशाल मताला टाका. कुणाला बाहेर काढायचं, कुणाची औषधं, कुणाची मागची गोष्ट, आग आणि दरवाजांचे नियम हे कधीच नाही. एका माणसाविरुद्धची तक्रार बैठकीत आलीच, तर ती तिथेच थांबवून नंतर बाजूला बसून ऐकावी. भरल्या खोलीत आरोपी करून उभा केलेला माणूस बहुधा त्याच रात्री निघून जातो.

स्त्रिया आणि पुरुष दोघे राहतात त्या ठिकाणी स्त्रियांची बैठक वेगळी आणि आधी घ्यावी. बाथरूमची कडी, मधल्या बोळातला रात्रीचा दिवा, पॅड कुठे मिळतात, रात्री जिन्यात कोण उभं राहतं, हे विषय मिश्र बैठकीत निघत नाहीत. त्यांचे मुद्दे नाव न सांगता मोठ्या बैठकीत मांडायचे. जे मुद्दे सुरक्षिततेचे आहेत ते मांडायचेही नाहीत, थेट करून टाकायचे.

कामवाटपाबद्दल आमचं ठाम मत आहे: संडास धुणं ही शिक्षा कधीही असू नये. एकदा ते शिक्षेचं काम झालं की जो ते आपणहून करतो त्याच्याकडेही गुन्हेगार म्हणून बघितलं जातं. कामांचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे पाडा. एका फळीवर खिळे ठोका, प्रत्येक खिळ्याखाली कामाचं चित्र लावा आणि प्रत्येकाच्या नावाचा बिल्ला करा. आपला बिल्ला ज्याने त्याने स्वतः अडकवायचा. गुडघे गेलेल्या माणसासाठी चादरींच्या घड्या, चमचे मोजणं, फोन उचलणं अशी बसून करायची कामं फळीवर असायलाच हवीत, नाहीतर तो फुकटखाऊ ठरतो. संडासाच्या खिळ्यावर कुणीच बिल्ला लावणार नाही, तेव्हा ते काम पाळीने, जोडीने, हातमोजे घालून, आणि कर्मचाऱ्यांनाही त्याच पाळीत धरून करावं. पोछे रंगाने वेगळे ठेवा, लाल फक्त संडासाला. ब्लीच आणि आम्लाचं क्लीनर एकाच वेळी वापरलं तर क्लोरिन वायू सुटतो. बंद जागेत तो जीव गुदमरवतो. लघवीवर थेट ब्लीच ओतलं तरी झोंबणारा वायू निघतो, म्हणून आधी साध्या पाण्याने धुऊन घ्यायचं. ब्लीच आणि आम्लाच्या बाटल्या वेगवेगळ्या कपाटात ठेवाव्यात. सूचना वाचून कुणी काम करत नाही.

आणि एक काळजी. रहिवाशांचं काम मदतीचं असावं, पगारी माणसाच्या जागी बिनपगारी माणूस उभा करण्याचं नसावं. रोज चार तास स्वयंपाक करणारा रहिवासी असेल तर त्याला मजुरी मिळायला हवी.

निवाऱ्यात माणसं खऱ्या अर्थाने एकत्र येतात ती स्वयंपाकघरात, कारण तिथे हाताला काम असतं आणि बोलायची सक्ती नसते. एका वेळी पाच जण पुरे, सहावा आला की सुरीशी धक्का लागतो. सुऱ्यांना आकडे घाला आणि भिंतीवरच्या फळीवर त्यांच्या बाह्यरेषा रंगवा. कुठली जागा रिकामी आहे ते दुरूनच दिसतं, शोधाशोध आणि संशय दोन्ही टळतं. चाळीस माणसांच्या मुख्य जेवणाला माणशी 90 ग्रॅम कोरडा तांदूळ, 60 ग्रॅम डाळ आणि 150 ग्रॅम चिरलेली भाजी धरली तर 3.6 किलो तांदूळ, 2.4 किलो डाळ आणि 6 किलो भाजी लागते. साली-देठांत पाचवा हिस्सा जातो, म्हणून भाजी साडेसात किलो आणावी. उशिरा कामावरून येणाऱ्यांची ताटं आधीच वेगळी वाढून झाकून ठेवा. "उरलं तर मिळेल" या पद्धतीने कामाला जाणारा माणूसच उपाशी राहतो.

उरलेल्या भाताकडे सर्वाधिक लक्ष हवं. पातेल्यात तसाच ठेवलेला भात आतून तासन् तास कोमट राहतो. त्यात वाढणाऱ्या बॅसिलस सेरियस जिवाणूचं विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून एक तर तो 60 अंशांच्या वर गरम ठेवावा, नाहीतर 5 सेंटिमीटरपेक्षा जाड थर न देता पसरट ट्रेमध्ये काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये घालावा. जुलाब झालेल्याने ते थांबल्यावरही 48 तास स्वयंपाकघरात पाऊल ठेवू नये. हे सांगताना त्याचा बिल्ला चादरींच्या घड्यांच्या खिळ्यावर हलवा, म्हणजे त्याला काढून टाकल्यासारखं वाटत नाही. पदार्थ ठरवताना दातांचा विचार करा. रस्त्यावर वर्षं काढलेल्या अनेकांचे दात पडलेले किंवा दुखरे असतात. अख्खी सफरचंदं टोपलीत तशीच पडून राहतात, उकडून कुस्करली की संपतात. कडक, चिवट पदार्थाला "नको" म्हणणारा माणूस नखरे करत नसतो.

कार्यशाळा घ्यायची तर नव्वद मिनिटांत हातात तयार वस्तू येईल अशीच घ्या. आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम इथे चालत नाही. तिसऱ्या आठवड्यात निम्म्यांना काम मिळालेलं असतं, कुणी दवाखान्यात असतो, कुणी गेलेला असतो, आणि जे उरतात त्यांना पुन्हा एकदा काहीतरी अर्धवट सुटल्याची टोचणी लागते. सर्वांत जास्त गर्दी खेचणारी कार्यशाळा म्हणजे पिशव्यांच्या दुरुस्तीची, कारण पिशवी प्रत्येकाकडे आहे आणि प्रत्येकाची चेन बिघडलेली आहे. चेन सरकते, पण मागे दात उघडेच राहतात. लोक म्हणतात चेन गेली. दात सहसा शाबूत असतात, झिजून सैल झालेला असतो तो सरकपट्टा, म्हणजे चेन ओढताना दातांवरून पुढे-मागे सरकणारा तुकडा. चेन पूर्ण उघडायची, सरकपट्टा सुरुवातीच्या टोकाला आणायचा, आणि बारीक पकडीने त्याच्या मागच्या दोन कडा आळीपाळीने किंचित दाबायच्या. आधी डावी, मग उजवी. एकदा ओढून बघायचं, गरज वाटली तर पुन्हा थोडंसं. एकाच दमात जोरात दाबलं तर पट्टा मोडतो किंवा सरकतच नाही. मग दातांवरून मेणबत्ती घासायची. टोकाचा अडसर निघालेला असेल तर जाड दोऱ्याचे सात-आठ टाके त्याच जागी घालायचे. दहा मिनिटांत पिशवी बंद होते. ज्याची पहिली झाली तोच दुसऱ्याची धरून दाखवतो, आणि शिकवणाऱ्याने इथून पुढे मागे सरकावं. यासाठी लागतं काय? दोन बारीक पकडी, जाड सुया, मेण लावलेला दोरा, थोडे जुने सरकपट्टे, एक कात्री. हत्यारं मोजून द्यायची, मोजून घ्यायची, आणि मोजणी सगळ्यांसमोर.

याच धर्तीवर बुटांचे तळवे चिकटवणं, सायकलचं पंक्चर, बटणं लावणं होतं. फ्रान्समध्ये 1949 साली सुरू झालेल्या एमाउस समुदायांनी तर टाकून दिलेल्या वस्तू गोळा करून, दुरुस्त करून विकण्यावरच आपलं एकत्र राहणं उभं केलं. तिथले रहिवासी स्वतःला सोबती म्हणवतात. प्रत्येक निवाऱ्याला एवढी मजल मारायची गरज नाही, पण दुरुस्त केलेली वस्तू विकली जाते आणि तिचे पैसे येतात, याचा माणसावर होणारा परिणाम कुठल्याही भाषणापेक्षा मोठा असतो.

गाण्याकडे परत येऊ, कारण लॉकर झाल्यावर गाणं खरोखर चालतं. लंडनमध्ये 2008 साली बेघरांसाठी सुरू झालेल्या 'क्वायर विथ नो नेम' या गायनवृंदाची रीत साधी आहे: सराव, आणि त्यानंतर सगळ्यांनी मिळून गरम जेवण. त्यात आवाजाची परीक्षा नाही. हे इतरत्रही करता येतं. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ, तीच खोली. गाण्याचे शब्द मोठ्या, ठळक अक्षरांत छापा, कारण अनेकांचे चष्मे हरवलेले असतात. सराव तासाभराचा. गाणी रहिवाशांनी सुचवलेली. दार उघडं ठेवा, आणि बाहेर बोळात दोन खुर्च्या मुद्दाम ठेवा. तीन आठवडे बोळात बसून ऐकणारा चौथ्या आठवड्याला आत येतो, किंवा येत नाही. दोन्ही चालतं.

खेळात फुटबॉलचं उदाहरण जगभर आहे. बेघरांची पहिली विश्वचषक स्पर्धा 2003 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात झाली, 18 संघ होते. मैदान फक्त 22 बाय 16 मीटर, एका बाजूला चार खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. हे नियम निवाऱ्याच्या अंगणाला अगदी योग्य आहेत: फुप्फुसं कमजोर असलेल्याला सात मिनिटं झेपतात, राखीव खेळाडू सतत आत-बाहेर होतात, चेंडू भिंतीवरून परत येतो. त्या स्पर्धेत एका माणसाला आयुष्यात एकदाच खेळता येतं, म्हणजे दरवर्षी नव्यांना जागा. मात्र बूट निवाऱ्याने पुरवावेत. असलेल्या एकुलत्या एका बुटाच्या जोडीत कुणी खेळणार नाही, आणि खेळू नयेही. पत्ते आणि कॅरम हवेतच, पण पैसे किंवा सिगारेट लावून खेळ नको. निवाऱ्यातली गंभीर भांडणं बहुतांशी उधारीतून होतात, आणि उधारी अशा खेळांतून सुरू होते.

एक तत्त्व मात्र सोडू नये: कुठल्याही उपक्रमाची हजेरी ही खाटेची किंमत नसावी. न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून 'हाउसिंग फर्स्ट'च्या कामाने दाखवलं की आधी सुधारा, मग घर अशी अट न घालता घर दिलं तर बहुसंख्य माणसं ते टिकवतात. निवाऱ्यातल्या उपक्रमांनाही हेच लागू आहे. हजेरीपट भरायचा म्हणून आणून बसवलेला माणूस बाकीच्यांचाही विरस करतो.

खरूज किंवा ढेकूण निघाले की एकत्र राहणं एका दिवसात कोलमडतं. लोक एकमेकांच्या शेजारी बसेनात, एकावर बोट ठेवलं जातं. यावर उपाय नाव न घेता सर्वांवर एकदम करणं हाच आहे. खरजेचं मलम खोलीतल्या सर्वांनी एकाच दिवशी, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं, आणि डॉक्टर सांगतील तसं आठवड्याने पुन्हा. एकच माणूस सुटला तरी ती परत येते. कपडे-चादरी 50 अंशांच्या वर गरम पाण्यात धुवायच्या, धुता येत नाही ते बंद पिशवीत आठवडाभर. खाज नंतरही दोन-चार आठवडे राहते, हे आधी सांगितलं नाही तर लोक उपचार फसला समजून पुन्हापुन्हा मलम चोपडतात. ढेकणांसाठी कपडे ड्रायरमध्ये पूर्ण उष्णतेवर 30 मिनिटं फिरवा. नव्या माणसाची पिशवीही यातून जाईल, पण त्याच्या समोर आणि त्याला विचारून.

रात्रीबद्दल फार कमी बोललं जातं. पहाटे दोन वाजता निवाऱ्यात किमान पाच-सहा जण जागे असतात. कुणाला भयानक स्वप्नं पडतात, कुणाला छताखाली झोपायची सवय राहिलेली नाही, कुणी खुर्चीत बसूनच झोपतो. त्यांना "खाटेवर पडा" म्हणून हाकलण्यापेक्षा एक छोटी खोली उघडी ठेवा. मंद पिवळा दिवा, थर्मासमध्ये गरम पाणी, पत्त्यांचा एक जोड, जुनी मासिकं, आणि काळजीवाहकाचं टेबल तिथेच. टीव्ही नको. माणसं सगळ्यात खरं बोलतात ती याच खोलीत, आणि बोलणं सहसा समोरासमोर नाही तर पत्ते वाटता वाटता होतं. म्हणून रात्रपाळीला सर्वांत नवा कर्मचारी टाकण्याची पद्धत चुकीची आहे. तिथे सर्वांत धीराचा माणूस हवा, आणि सकाळच्या पाळीला काय सांगायचं नि काय पोटात ठेवायचं हे कळणारा हवा. जिवाला धोका असेल ते सांगायचंच, आणि सांगणार आहे हे त्या माणसालाही कळवायचं.

देणगीदार आणि पाहुणे येतात तेव्हा दोन नियम पुरतात. एक, सणासुदीला एकदाच गर्दी करण्याऐवजी महिन्यातून एक ठरलेला दिवस सहा महिने सांभाळा. दुसरा, फोटो नाही. काही रहिवासी मारहाण करणाऱ्या घरातून पळून आलेले असतात, आणि चेहऱ्यासह टाकलेला एक फोटो त्यांचा पत्ता सांगून जातो. संमती घेतलीच तर काय, कुठे, किती काळ दिसणार हे सांगून लेखी घ्या, आणि जेवणाच्या रांगेत तर कधीच घेऊ नका. त्या रांगेत "नाही" म्हणणं अवघड असतं.

रहिवासी वारला तर त्याच दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून सांगावं. कुजबुजीतून कळू देऊ नये. त्याची खाट त्या रात्री रिकामी ठेवावी, बाहेर कितीही मागणी असली तरी, आणि नवा माणूस येण्याआधी गादी बदलावी. सामानाची यादी दोघांसमोर करावी. अंत्यविधीला ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी गाडी ठरवावी आणि त्यांच्या कामाच्या मालकाला फोन करावा. अमेरिकेत 1990 पासून दरवर्षी 21 डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सुमारास, बेघर अवस्थेत गेलेल्यांची नावं जाहीरपणे वाचली जातात. निवाऱ्यातही एक वही असावी, ज्यात नाव, त्याला काय आवडायचं आणि तो कुठलं काम करायचा एवढं लिहिलेलं असेल. वर्षातून एकदा ती वाचावी. जे उरलेत ते लक्ष देऊन ऐकतात, कारण आपल्यामागे आपलं नाव कुणी घेईल का, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो.

माणूस स्वतःच्या खोलीत राहायला जातो तो दिवस आनंदाचा, पण त्यानंतरचे तीन महिने नाजूक असतात. निवाऱ्यात घोरण्याचा त्रास होता, आता अजिबात आवाज नाही. अनेक जण खोली असूनही निवाऱ्याच्या पायरीवर येऊन बसतात. त्यांना हटकू नका. जाताना एक पातेलं, एक तवा, सुरी, दोन ताटं आणि चादरींचे दोन जोड द्या. पहिल्या आठवड्यात ज्याच्याशी जमतं त्या रहिवाशाला सोबत पाठवून गॅस, मीटर, कचऱ्याचा वार, घरमालकाशी बोलणं हे सगळं एकदा करून घ्या. आठवड्यातलं एक जेवण जुन्या रहिवाशांसाठी कायम खुलं ठेवा, आणि त्या दिवशीच्या तांदळाच्या मापात त्यांना आधीच धरा: चाळिसाला दहा जास्त, म्हणजे 3.6 किलोऐवजी साडेचार. कामफळीवर त्यांचा बिल्ला राहू द्या. खोली सुटून कुणी परत आलाच, तर पहिल्या दिवसाचे सगळे प्रश्न पुन्हा विचारत बसू नका. लॉकर रिकामा असेल तर त्याचा जुनाच त्याला द्या.